साठाचं वळण

नवऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून
तो म्हणतो, नाहीच.

मी बेचाळीस वर्षं पियानो लावले,
हामामात्सूच्या कारखान्यात, मग लोकांच्या घरोघरी,
खुंट्या पिळून पिळून मनगट वाकडं झालं;
मला कुणी सांगू नये
काय आहे नि काय नाही.

फुजी नदी ओलांडून लेकीच्या गावी राहायला आलो
त्या पहिल्याच रात्री,
सुई अजून हवेत असताना,
दोन्ही स्पीकर गुरगुरले,
झोपेत कुणी पांघरूण ओढल्यासारखे.
खालच्या जी-पेक्षा चढा. केसभर नाही,
चांगला दोन-तीन केस.
तिकडे जुन्या घरी तो बी-फ्लॅटच्या वर कुठेतरी असायचा,
आणि इतका बारीक
की पाहुणा म्हणून खपून जायचा.

शनिवारी शोधायला बसले.
आधी फ्रीज बंद केला. शिगेयुकी म्हणाला, आइस्क्रीम.
मग गरम गालिचा, राइसकुकर,
नातीच्या खोलीतला रंग बदलणारा दिवा.
दिव्याबरोबर वरची किरकिर गेली, चिलटासारखी.
गुरगुर तिथेच.
टीव्हीची केबल उपटली, निम्मी गेली.
(मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.)
टर्नटेबलची हिरवी तार स्क्रूखाली नव्हतीच,
सामान लावणाऱ्या पोरांनी नुसती टेकवलेली.
आवळली. अजून थोडी गेली.
प्लग काढून उलटा घातला, पुन्हा सुलटा;
भिंतीतलं डावं भोक जरा लांब असतं
हे सत्तराव्या वर्षी कळलं.

उरलं ते उरलंच.

शेवटी स्पीकरच्याच तारा सोडल्या.
आता आवाजाला बाहेर यायला तोंड नाही.
आणि तरी.

गुडघे टेकून कान नेला.
ॲम्प्लिफायर, स्वतःशीच, पत्र्याच्या आत.

तो याच माणसानं बनवलेला,
मानामी पोटात होती त्या हिवाळ्यात.
ट्रान्सफॉर्मरसुद्धा घरीच गुंडाळला,
तांब्याची तार, ओठांत पुटपुटता आकडा;
मी जेवायला हाक मारली की आकडा चुकायचा
आणि वेढे पुन्हा पहिल्यापासून.
सूप रोज गार.
नदीच्या पश्चिमेला वीज सेकंदाला साठदा उलटते,
पूर्वेला पन्नासदा, हे त्याला काय ठाऊक नव्हतं?
दोन्हीकडे चालेलसा विकत मिळत होता.
पण मापात लोखंड, मापात तार.
"आपल्याला कुठे जायचंय?" म्हणाला होता.

वळण एकदा साठाचं लागलं
की पन्नासात जीव रमत नाही.
मलाही इथला भाजीवाला अजून
नाव विचारतो.

मी त्याचा हात ओढला
आणि झाकणावर ठेवला.
बराच वेळ चेहऱ्यावर काही नाही.
मग एक भुवई.
मग दुसरा हातही त्यानं आपणहून ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"पन्नास," तो म्हणाला.
आणि मग मोठ्यानं, शेजारी हिराइवांना ऐकू जाईल एवढ्यानं,
"लोखंडाला पेलत नाहीये!"

"तेच तीन आठवडे सांगतेय," मी म्हटलं.
त्याची पाठ माझ्याकडे होती, म्हणून
ते भिंतीला सांगितल्यात जमा.

वर्तमानपत्राच्या समासात त्यानं हिशेब मांडला:
एक-पंचमांश वेढे आणखी.
पेन्सिल थरथरत होती, पाच आकडा तीनसारखा आला.
वर बघून म्हणाला,
"मोजताना हाक मारू नकोस हं."
मारली तरी आता तुला कुठे ऐकू येणार,
असं ओठांवर आलं होतं.
मी नुसती मान हलवली.

फ्रीज अजून बंदच होता.